ठमाबाईंनी घरी आणलेली बाई

कांदळखार, ता. पेण
१८ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप अण्णा आणि आईस,
भूमिकाचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. फोनवर तुम्हाला माझं बोलणं ऐकू येत नाही, आणि आईशी बोलावं तर ती एवढ्या मोठ्याने उत्तर देते की इथल्या पडवीत बसलेल्यांनाही कळतं. तेव्हा आपलं पत्रच बरं. फक्त शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने दाखवून परत पाठवू नका. शाळेतून रिटायर झालात, आता मलाही रिटायर करा.

भातकापणी आटोपली, झोडणी चालू आहे. तुमची नात किमया शाळेत रमली. प्रणितची या महिन्यात सकाळची शिफ्ट आहे. ही झाली खुशाली. आता खरी गोष्ट.

गेल्या गुरुवारी सासूबाई कोणाला न सांगता सकाळच्या एस.टी.ने निघून गेल्या. मला वाटलं, पेणच्या बाजाराला गेल्या असतील. दुपार टळल्यावर दारात टेम्पो उभा राहिला. सासूबाई उतरल्या आणि ड्रायव्हरच्या मदतीने त्यांनी एका बाईला खाली घेतलं. पन्नाशीच्या पुढची बाई, अंगावरून वारं गेलेलं. उजवा हात-पाय लुळा, तोंड एकीकडे ओढलेलं. मी विचारलं, आय, या कोण? तर म्हणाल्या, बामी, रोह्याची.

अण्णा, एवढ्यावरच मला सगळं कळलं. हे नाव मी लग्न होऊन आल्यापासून ऐकत होते, पण ते नेहमी कुजबुजीत. माझे सासरे मिठाच्या गाडीवर ड्रायव्हर होते. रोह्याला त्यांचं दुसरं बिऱ्हाड होतं, वीस वर्षांच्या वर. आठवड्यातले दोन-तीन दिवस ते तिकडे असत. साऱ्या गावाला ठाऊक होतं आणि घरात कोणी त्यावर अवाक्षर काढत नव्हतं. मग मी तरी तुम्हाला काय कळवणार? मागच्या वर्षी ते गेले, आणि मला वाटलं ती गोष्टही त्यांच्याबरोबर गेली.

आमच्या इथल्या एक बाई रोह्याच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसतात. त्यांनी सासूबाईंना सांगितलं की बामीबाई आजारी पडून आहे, पुढेमागे कोणी नाही, खोलीवाला बाहेर काढायला निघालाय. सासूबाईंनी ते ऐकून घेतलं, चार दिवस गप्प राहिल्या, आणि पाचव्या दिवशी गेल्या नि घेऊन आल्या.

प्रणित शिफ्टवरून आला तर ती बाई त्याच्या वडिलांच्या खाटेवर निजलेली. तो उंबऱ्यातच थांबला. मग इतका ओरडला की किमया रडायला लागली. या बाईने तुझा संसार खाल्ला आणि तू तिला त्यांच्याच खाटेवर झोपवतेस, असं काय काय बोलला. सासूबाई चुलीपुढून उठल्या नाहीत. त्याचं संपल्यावर म्हणाल्या, घरात दुसरी खाट नाय. नि मला म्हणाल्या, पेज पातळ कर गो, तिला गिळता येत नाय.

मी पेज केली. मला भीती वाटत होती की दुसरं काही, ते मला अजून सांगता येत नाही.

धाकट्या सुरभीच्या स्थळाचं कुठवर आलं, ते कळवा. गोळ्या वेळेवर घ्या. दोघांची माया आहेच, ती अशीच राहू द्या.

आपली
भूमिका

•

कोलाड, ता. रोहा
२६ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. भूमिकास,
अण्णांचे भरभरून आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि चष्मा पुसून परत वाचलं. ‘ड्रायव्हर’ बरोबर लिहिलंस, ‘कुजबुजीत’ही बरोबर. यावेळी लाल शाईला काम नाही.

बाळ, स्पष्ट लिहितो. तुझ्या सासूबाईंबद्दल आम्हाला आदर आहे, पण हे जे त्यांनी केलं ते कुठे बसत नाही. दया करायची तर दवाखान्यात ठेवावं, आश्रम पाहावा. घरात आणणं म्हणजे गावाला तोंड द्यावं लागणार, आणि ते तुला आणि किमयालाही द्यावं लागणार. तुझी आई म्हणते की तू किमयाला घेऊन थोडे दिवस इकडे निघून ये. तिने तुझ्यासाठी कडवे वाल निवडून ठेवलेत. ते निवडताना ती तुझ्या सासूबाईंविषयी जे बोलत होती, ते मला ऐकू आलं नाही हे माझ्या बहिरेपणाचे उपकार समज.

सुरभीचं रोह्याचं स्थळ जवळजवळ ठरल्यात जमा आहे. मुलगा धाटावला कंपनीत आहे, माणसं चांगली, पण जुन्या वळणाची. त्यांच्या कानावर रोह्याचीच ही भानगड गेली तर काय, या चिंतेने आईची झोप उडाली आहे. तू शहाणी आहेस. प्रणितरावांशी भांडू नकोस, सासूबाईंनाही दुखवू नकोस, आणि मधला मार्ग सापडतो का बघ.

इकडची काळजी करू नये. आपलं एकमेकांवर आहे ते कमी होऊ न देणे.

तुझा
अण्णा

•

कांदळखार
१५ डिसेंबर २०२४

तीर्थस्वरूप अण्णा आणि आईस,
भूमिकाचा शि. सा. न. वि. वि.

मधला मार्ग सापडला नाही. गावकीने सासूबाईंना बोलावलं.

बैठक देवळाच्या सभामंडपात असते आणि तिथे बायका बसत नाहीत. त्यांनी प्रणितला निरोप धाडला होता, पण सासूबाई म्हणाल्या, आणली मी, मी जाते. मी त्यांच्यामागे जाऊन खांबापाशी उभी राहिले. त्या सरळ आत गेल्या आणि पुरुषांच्या समोर मांडी घालून बसल्या.

पुंडलिकदादा आमच्या गावकीचे पंच. वाईट माणूस नाही अण्णा, माझ्या बाळंतपणात अपरात्री त्यांनीच गाडी काढली होती. ते समजुतीने बोलले. वहिनी, तुमचं मन मोठं हाय, पण ठेवलेली बाई उंबऱ्याच्या आत आली तर उद्या आमच्या लेकीसुनांना आम्ही काय सांगायचं? तिला परत पोचवा. नायतर गाव तुमच्याशी संबंध ठेवणार नाय.

सासूबाईंनी विचारलं, माझा नवरा वीस वर्षं रोह्याला जात होता ते तुमाला ठावं होतं का नाय? मग त्या म्हणाल्या, ठावं होतं. त्याला तुम्ही देवळाच्या कमिटीत घेतलात. पालखीत पुढं चालवलात. त्याच्यासाठी एक बैठक नाय बसली. तो मेला, नि आता ह्या लुळ्या बाईसाठी बैठक बसली.

मला वाटलं, आता त्या रडतील. पण आवाज तसाच सपाट. म्हणाल्या, मला ती आवडत नाय. आजबी आवडत नाय. माझ्या पोटात किती वर्षं आग होती ती माझी मला ठावं. पण तिला तहान लागते, नि पाणी माझ्या हातात हाय. ते मी ओतून टाकू शकत नाय. तुम्हाला जमत असेल तर तुम्ही सांगा कसं टाकायचं.

अण्णा, एवढे पुरुष बसलेले, एकाला मान वर करता येईना. पण ठराव मात्र तोच झाला. कागदावर काही लिहिलं नाही, कारण कोणाला वाळीत टाकणं गुन्हा आहे हे सगळ्यांना माहीत आहे. नुसतं ठरलं.

आता दुकानदार मला बघून आत जातो. नळावर मी गेले की बायकांच्या गप्पा थांबतात. शेजारच्या काकी, ज्या रोज भाजीची वाटी घेऊन यायच्या, त्या कुंपणापलीकडे पाठ करून उभ्या राहतात. शाळेच्या गॅदरिंगमध्ये किमयाच्या जोडीला नाचायला कोणी मुलगी तयार नाही. एका रात्री प्रणित म्हणाला, पोलिसात जाऊ. सासूबाई म्हणाल्या, पोलीस दुकानातून साखर देववतील, बोलायला नाय लावणार.

आई, मी आत्ता येत नाही. का ते नीट सांगता येत नाही. मला पुढे काय होतं ते इथे राहून बघायचं आहे. रागावू नकोस, मला तुझा राग सोसत नाही हे तुला माहीत आहे.

आपली
भूमिका

•

कोलाड
१२ जानेवारी २०२५

चि. सौ. भूमिकास,
अण्णांचे भरभरून आशीर्वाद.

किमयाचं गॅदरिंग पाहून तुझ्याकडून सुखरूप पोचलो. वडखळला एस.टी. बराच वेळ थांबली, म्हणून उशीर झाला. आईने उशिराचा दोष तुझ्या सासूबाईंनाच दिला.

तिथे बोललो नाही ते आता लिहितो. मी येताना खिशात पनवेलकडच्या एका आश्रमाचा पत्ता आणला होता. तो तुझ्या सासूबाईंच्या हातात द्यायचा आणि चार समजुतीच्या गोष्टी सांगायच्या, असं ठरवून आलो होतो. पडवीत बसलो आणि आत नजर गेली. तुझ्या सासूबाई त्या बाईचे केस विंचरत होत्या. एका हाताने तिची मान सावरून धरलेली, दुसऱ्या हाताने हळूहळू गुंता सोडवत होत्या. तोंडाने सारखं काही पुटपुटणं चाललेलं. मला वाटलं, लहान पोराला म्हणतात तसं काही गाणं म्हणताहेत. माझे डोळे भरून आले.

मग तू पाटीवर लिहून दाखवलंस की गाणं नाही, शिव्या चालल्यात. माझा नवरा खाल्लास नि आता पेज खायला नखरे करतेस, असं सगळं. मी आधी हसलो. पण नंतर एस.टी.त बसल्यावर माझं हसू विरलं. माया असली की सेवा कोणीही करील. राग जागच्या जागी असताना, तोंडाने तो राग बोलत असताना, त्या हातांनी एकही केस ओढला नाही. मी इतकी वर्षं मुलांना चांगलं वागायला शिकवलं, पण असं काही मी पाहिलेलं नव्हतं. मी आश्रमाचा पत्ता खिशातून काढलाच नाही. इथे येऊन फाडून टाकला.

दुसऱ्या दिवशी मी रोह्याला सुरभीच्या स्थळाकडे गेलो आणि सगळं आपण होऊन सांगितलं. बाहेरून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं. त्यांनी चहा दिला आणि विचार करून कळवतो म्हणाले. त्यांचा आवाज मला ऐकू आला नाही, चेहरा वाचता आला. आईला अजून सांगितलेलं नाही. धीर गोळा करतो आहे.

किमयाला सांग, आजोबांना तिचा नाच आवडला. जोडीदारीण नसली म्हणून काय झालं, तिने दोघींचा नाच एकटीने केला.

सर्वांना यथायोग्य. आमच्यावरचा जीव असाच असू द्यावा.

तुझा
अण्णा

•

कांदळखार
१६ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप अण्णा आणि आईस,
भूमिकाचा शि. सा. न. वि. वि.

आईचं तीन ओळींचं पत्र मिळालं. स्थळाकडून नकार आला आणि तो माझ्या सासरमुळे आला, हे तिचं म्हणणं खरं आहे. सुरभीने त्याच पाकिटात गुपचूप चिठ्ठी घातली होती. जी माणसं आजारी बाईला घाबरतात त्यांच्या घरी म्हातारपणी माझं काय झालं असतं, असं तिने विचारलंय. पण रात्री उशी ओली असेल तिची, मी ओळखते.

इकडे बामीबाईंची जीभ सुटली आहे. शब्द जड येतात, पण कळतात. पहिलं वाक्य त्यांनी सासूबाईंनाच विचारलं. म्हणाल्या, ते जाताना त्यांना लय त्रास झाला का?

अण्णा, सासरे गेल्याचं त्यांना कोणी कळवलंच नव्हतं. मिठाच्या गाडीवरच्या माणसाकडून कळलं तोवर इथले सगळे दिवसही उरकले होते. त्या कोणापाशी रडणार? ज्या खानावळीत कामाला होत्या तिथे भाकऱ्या थापत राहिल्या.

मी भांडी घासत होते, ती तशीच हातात राहिली. वाटलं, आता सासूबाईंचा तोल सुटणार. पण त्या खाटेच्या कडेला बसल्या आणि सगळं सांगितलं. सकाळी कसं छातीत दुखायला लागलं, पेणला कसं नेलं, शेवटी पाणी मागितलं ते कोणी पाजलं, अंगावर कोणतं धोतर घातलं. एखाद्या जवळच्या माणसाला सांगावं तसं, काही न गाळता. बामीबाई ऐकत होत्या आणि डोळ्यांतून नुसती धार लागलेली. सासूबाईंनी पदराने तिचं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, रड. तुझं रडायचं राहिलं होतं.

आणि आई, त्यानंतर काय झालं ते तुला खरं वाटणार नाही. भिंतीवर पाल चुकचुकली. बामीबाई म्हणाल्या, हिला बघून ते पाणी मागायचे. सासूबाई चमकल्या. सासऱ्यांना पालीची फार भीती, पण कबूल करायचे नाहीत. पाल दिसली की आतल्या बाईला पाणी आण म्हणून हाक मारायची, आणि ती आली की भिंतीकडे बोट दाखवायचं. दोन्ही घरी तीच युक्ती. दोघींना वाटायचं की हे फक्त आपल्यालाच माहीत. आधी सासूबाई हसल्या, मग बामीबाई वाकड्या तोंडाने हसल्या. प्रणित शिफ्टवरून येऊन दारात उभा होता. तो तसाच परत बाहेर गेला. पण रात्री जेवताना त्याने पहिल्यांदा विचारलं की त्या जेवल्या का.

गाव अजून तसंच आहे. सुरभीला माझ्याकडून जवळ घ्या.

आपली
भूमिका

•

कांदळखार
१४ एप्रिल २०२५

तीर्थस्वरूप अण्णा आणि आईस,
भूमिकाचा शि. सा. न. वि. वि.

आज लिहिताना अक्षर वेडंवाकडं येतंय, सांभाळून घ्या. परवा गावदेवीची पालखी झाली.

पालखी प्रत्येक दारावर थांबते. घरातली बाई ओवाळते, नारळ देते, पालखी पुढे जाते. आमच्या दारावर ती थांबणार नाही, हे आठवडाभर आधी प्रणितला कळवलं होतं. माझ्या सासूबाई या गावात नांदायला आल्यापासून त्यांच्या हातचं ओवाळणं चुकलेलं नाही. मी म्हटलं, आय, आपण दार लावून घेऊ, बघायलाच नको. त्या म्हणाल्या, देवी माझ्या दारावरून जाणार नि मी दार लावू? ती नाय थांबली तर नाय थांबली, मी उभी राहणार.

त्यांनी अंगण सारवलं. मी रांगोळी घातली. ओट्यावर खुर्ची मांडून बामीबाईंना धुतलेलं लुगडं नेसवून बसवलं. सासूबाई पायरीवर ताट घेऊन उभ्या राहिल्या. खालूबाजा जवळ येत गेला. शेजारच्या काकींच्या दारावर पालखी थांबली, ओवाळलं, निघाली. आमचं अंगण आल्यावर भोयांनी पावलं उचलली, बाजाही जलद झाला. सासूबाई रस्त्यात उतरल्या नाहीत. कोणाला हाक मारली नाही. नुसत्या बघत राहिल्या.

बामीबाईंना देवीला हात जोडायचे होते. त्यांचा डावा हात वर आला, उजवा काही उचलेना. एकच हात हवेत कापत राहिला. सासूबाईंनी ते पाहिलं. देवी समोरून चाललेली, तरी त्यांनी ताट पायरीवर ठेवलं, देवीकडे पाठ फिरवून ओट्यावर गेल्या, तो लुळा हात उचलून डाव्या हाताला लावला, आणि सुटू नये म्हणून ते दोन्ही हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवले. मग तशाच तिच्याबरोबर वाकल्या. त्यांना स्वतःला जोडायला हात उरले नव्हते.

पालखी थांबली.

पुढचा डाव्या खांद्याचा भोई निलेश. तो प्रणितचा लहानपणापासूनचा मित्र, पण चार महिने बोलत नव्हता. त्याचा गुडघा वाकला. एक भोई वाकला की बाकीच्यांना वाकावंच लागतं. पालखी आमच्या अंगणात टेकली. बाजा आपोआप बंद पडला. खाडीवरचा वारा तेवढा ऐकू येत होता. सगळे पुंडलिकदादांकडे बघत होते, आणि दादा ओट्यावरच्या त्या चार हातांकडे बघत होते.

तेवढ्यात शेजारच्या काकी गर्दीतून आल्या. पायरीवरचं ताट उचललं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, बघत काय राहिलीस गो, ओवाळ. तुझ्या सासूचं हात गुंतलेत. मी ओवाळलं. कसं ओवाळलं ते आठवत नाही. दादांनी डोक्यावरची टोपी काढली, पालखीला हात लावला आणि बाजूला झाले. नारळ मात्र त्यांनी घेतला.

सगळं गाव बदललं असं नाही. काहीजण अजून मान वळवतात. पण प्रसाद घेऊन दादांची सून स्वतः आली आणि आत येऊन बसली. दुकानदार आता आत पळत नाही. आणि आज नळावर मी गेले तर बायका बोलत होत्या त्या बोलतच राहिल्या. त्या आवाजाची मला किती भूक लागली होती!

कोणी म्हणतं देवीनेच पालखी जड केली. प्रणितने निलेशला खरं काय ते विचारलं. तो म्हणाला, मी काय ठरवलं नव्हतं, मला तर पुढंच जायचं होतं. ते हात बघितले नि गुडघा आपोआप वाकला. देवी होती का काय, मला नाय सांगता येणार.

मला भीती वाटत होती की दुसरं काही, ते पहिल्या पत्रात मला सांगता आलं नव्हतं. आता वाटतं, आपल्यापेक्षा फार मोठं काही जवळून पाहिलं की माणसाला असंच होत असेल. मी त्या घरात रोज भाकऱ्या भाजते.

आपली
भूमिका

•

कोलाड
२१ एप्रिल २०२५

चि. सौ. भूमिकास,
अण्णांचे भरभरून आशीर्वाद.

तुझं पत्र मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. माझा आवाज मला ऐकू येत नाही, तो मध्येच बंद पडला होता हे तिने खुणेने सांगितलं. मग उरलेलं सुरभीने वाचलं.

आई उठून मागच्या दारी गेली आणि बराच वेळ आली नाही. आल्यावर म्हणाली, मे महिन्यात विहिणीला चार दिवस इकडे बोलवायचं, आणि तिलाही. मी कागद घेतला. तुझ्या सासूबाईंचं नाव लिहिलं आणि तिथेच अडलो. आयुष्यभर पोरांना पत्राचे मायने शिकवले, पण त्या दुसऱ्या बाईंच्या नावामागे काय लिहायचं ते मला सुचेना. ‘सौ.’ चालत नाही. नुसतं नाव लिहिलं तर मोलकरणीला बोलावल्यासारखं वाटतं. मी विचार करत बसलो होतो, तेवढ्यात तुझ्या आईने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. खाली तिच्याच हाताने लिहिलेलं आहे. दोघींना वाचून दाखव. शुद्धलेखन मी तपासलेलं नाही.

तुझा
अण्णा

गंगाभागीरथी ठमाबाई व गंगाभागीरथी बामीबाई यांस,
भूमिकाच्या आईचा नमस्कार.
दोघींनी मिळून यावे. खाटा दोन आहेत. वाट बघते.